मालमत्ता क्रमांक ११७

म्हापशाच्या बाजारात, सुक्या मासळीच्या वासापासून
दोन वळणं लांब, इनासियोचं दुकान.
पुढे काचेत निळे-जांभळे दिवे लावलेले नवे डबे,
माशांच्या पेटीसारखे.
मागे अंधारात जुने. काळे. जड.
मी काचेपाशी थांबले तर म्हणाला,
"ते पोरांना खेळायला, बाय. तुझं काम काय?"

लग्नं, म्हटलं. बारशी. एकदा काणकोणला मुंज.
दोन कॅमेरे, सात तासांचं चित्रण,
आणि नवरीच्या मावशीला त्यातलं सगळंच हवं असतं.

"पैसे?"
एकेचाळीस हजार.
त्यातले सहा मयेच्या लग्नाचे, अजून यायचेत.

त्याने कानामागची पेन्सिल काढली,
बिलाच्या पाठीवर आकडे मांडले, खोडले.
"रॅम म्हणजे ओटा गे. भांडी मावली नाहीत
की जमिनीवर ठेवायची, वाकून वाकून कंबर जाते.
बत्तीस घे. ग्राफिक्स कार्ड साधं चालेल,
रंगांचे लाड पुढच्या वर्षी.
आणि डिस्क नवीच.
दुसऱ्याचा दात घासायचा ब्रश वापरतेस काय?"

मग आतून, पोटाशी धरून, त्याने तो आणला.
आठ कोअर. दहा वर्षांचा. अठरा हजार.
"खाणीच्या ऑफिसातला. लिलावात सहा उचलले,
हा शेवटचा. मोठी चित्रं त्याला झेपत नसतील
तर त्यांच्या हलक्या नकला कर, नकलांवर काप,
शेवटी मूळ जोड.
युपीएस देऊ?"
पुढच्या महिन्यात, म्हटलं.
त्याने पेन्सिल परत कानामागे ठेवली.

डिचोलीत घरी, सोप्यावर वर्तमानपत्र पसरून
मी चार स्क्रू काढले.
पंख्याच्या पात्यांवर, कार्डाच्या खाचांत,
हीटसिंकच्या प्रत्येक फटीत
लाल धूळ.
रंगाच्या ब्रशाने झाडत गेले तशी
कागदावरच्या बातम्या लाल झाल्या.

बाबा पाट ओढून शेजारी बसले.
बोटावर थोडी घेतली, अंगठ्याने चोळली.
"चांगला माल. साठ टक्क्यांचा."
बाजूला चिकटपट्टी होती, अर्धी सोललेली:
मालमत्ता क्रमांक ११७. काटा विभाग.
ती त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचली.

"म्हणजे माझा टिपर ह्याच्यात.
दिवसाला अकरा फेऱ्या मारायचो मी,
संध्याकाळी खिडकीतला पोरगा म्हणायचा, दहा.
मशीन दहा म्हणतं.
सोळा वर्षं."
थोड्या वेळाने, धूळ पंचाला पुसत,
"बघता येतं का अजून?"

जुनी डिस्क काढून टाकलीय, बाबा. मी नवी घातली.

"हं," म्हणाले, आणि स्क्रू एकेक करून
झाकणात गोळा करत राहिले.

मयेचं लग्न आठ दिवसांत कापलं.
ओटीचे तांदूळ, रडणारा भटजींचा नातू,
मावशी, मावशी, पुन्हा मावशी.
रात्री साडेअकराला शेवटची आज्ञा दिली:
सगळं एक कर.
पंखा चढत गेला.
बाबा उठून आले, लुंगी सावरत.
डब्याच्या पाठीवर तळवा ठेवला,
जसा पूर्वी बॉनेटवर ठेवायचे.
"लोड आहे त्याला. चढ किती राहिला?"
मी पट्टी दाखवली. एकसष्ट टक्के.

ते तिथेच उभे राहिले. मी म्हटलं झोपा,
तर म्हणाले, चढावर गाडी सोडून कोण झोपतं.
ऐंशी. अठ्ठ्याऐंशी. मी चहा ठेवायला उठले.
त्र्याण्णव.

आणि लाईट गेली.

साऱ्या वाड्यावरची गेली.
पंखा हळूहळू घरंगळत थांबला,
आत कुठेतरी काहीतरी टिचकलं, थंड होताना.
मी काडेपेटी हातात धरून उभी.

अंधारात बाबा म्हणाले,
"ही फेरी धरत नाहीत."